नवव्या ओळीची खूण

अपोलोचं देऊळ पुरं व्हावं म्हणून मिन्निओन जितका झुरला, तितका दिदिमात दुसरा कोणी झुरला नसेल. पुजारी झुरले नाहीत, देऊळ ज्या शहराचं त्या मिलेतोसची सभा झुरली नाही, आणि खुद्द देवानं तर कधी तक्रारीचा शब्द काढला नाही. देवळाचं काम मिन्निओनच्या पणजोबाच्याही आधी सुरू झालेलं. तो जन्मला तेव्हा आतल्या अंगणाच्या भिंती उभ्या होत्या, पुढच्या बाजूला काही खांब होते, आणि बाकी सगळीकडे परांच्या, दोरखंड, बैल आणि समित्या होत्या. तो म्हातारा झाला तेव्हा आणखी चार खांब उभे राहिले होते आणि समित्या बऱ्याच वाढल्या होत्या. आमच्या गावात ज्याला लग्न करायचं नसे तो सांगे, "देऊळ पुरं झालं की करीन," आणि मुलीकडचे काय ते समजून जात.

अशा गावात एक माणूस आयुष्यभर समितीपुढे उभा राहून विचारतो, "भिंतींची साल कधी काढायची?" तेव्हा लोक त्याला देवभक्त म्हणणारच. मिन्निओन देवभक्त नव्हता. त्याला एक खूण पुसून हवी होती. ती खूण नखाएवढी होती, उत्तरेकडच्या भिंतीवर होती, आणि त्यानंच केलेली होती.

त्याचं काम रेषा मारण्याचं. बापही तेच करायचा. देवळाचे नकाशे काही कातड्यावर काढून ठेवत नाहीत, ते देवळाच्याच भिंतीवर टोकदार सळईनं कोरायचे. केसाएवढी बारीक रेघ. वरून गेरू चोळला की रेघेत लाल भरतो आणि ती दिसते. गेरू पुसला की नाहीशी होते. कमानीला जागा लागली, भिंत आहे. खांबाला लागली, भिंत आहे. भिंतीची काळजी करायचं कारण नसतं, कारण दगड बसवताना वर अंगठ्याच्या नखाएवढी जाड साल मुद्दाम ठेवलेली असते. सगळं बांधकाम उरकलं, बैलांचे धक्के आणि दोरांचे ओरखडे संपले, की शेवटी ती साल टाकीनं काढायची. मग खाली गुळगुळीत पांढरा दगड, आणि रेषावाल्याच्या दहा पिढ्यांची कोरणी भुकटी होऊन केरात.

"पाथरवटाचा दगड मागं राहतो," मिन्निओनचा बाप म्हणायचा, "आपलं काही राहत नाही. म्हणून पाथरवट सणाला छाती काढून चालतात आणि आपण कडेकडेनं जातो."

मिन्निओन मात्र छाती काढूनच चालायचा. सव्विसाव्या वर्षी त्याला पुढच्या खांबांची रेघ मिळाली होती. एका खांबाची पूर्ण उंची भिंतीवर मावणार नाही, म्हणून उंची आटवून काढायची. रुंदी मात्र जशीच्या तशी. खांबाचा एकेक थर म्हणजे चार माणसांनी हातात हात धरून वेढा घालावा एवढा गोल दगड, आणि प्रत्येक थराला भिंतीवर एक आडवी ओळ. आधी दोरी ताणून सरळ उभी रेघ मारायची, मग तिच्या बाहेरून हलकीशी कमान काढायची. खांब अगदी सरळ घडवला तर लांबून उपाशी दिसतो, त्याला थोडं पोट लागतं. आडवी ओळ कमानीला मिळते तिथे उभी खूण. पाथरवट येतो, खुणेवर आपली मापाची काठी धरतो, काठीला खाच पाडतो, आणि खाचेप्रमाणे दगड घडवतो. बाकी त्याला काही विचारायचं नसतं.

ज्या दिवशी त्यानं ह्या खुणा केल्या, त्या दिवशी दुपारी तो अपातूरिओसच्या घरून आला होता. अपातूरिओस म्हणजे त्या वेळचा पहिल्या नंबरचा पाथरवट आणि मिन्निओनचा दोस्त. त्याची धाकटी बहीण नान्निस मिन्निओनला द्यायची असं त्या दुपारी ठरलं. नान्निसनं समोर ठेवलेली तळलेली मासळी त्यानं नको म्हणता म्हणता सगळी संपवली होती, आणि तिनं दारामागून म्हटलेलं त्याला ऐकू आलं होतं, "दादा, हा माणूस रेघा मारतो की फक्त ताटं साफ करतो?" परत येऊन तो भिंतीपुढे बसला तो हसतच. आठ ओळींच्या खुणा बरोबर पडल्या. नवव्या ओळीची खूण कमानीवर करायची ती त्यानं दोरीच्या रेघेवर केली. फरक एका बोटाचा. पुढच्या ओळी पुन्हा बरोबर. दिवस मावळला, तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी अपातूरिओस उजाडताच आला, काठ्यांना खाचा पाडून निघून गेला. मिन्निओन जरा उशिरा आला. उन्हात त्याला चूक दिसली. त्यानं कपाळावर हात मारला, एक बोट बाहेर कमानीवर बरोबर खूण केली, आणि आतल्या चुकीच्या खुणेत मेण आणि संगमरवराची भुकटी कालवून भरली. दगडाचा टवका उडाला की आम्ही तसंच भरतो. ह्यात लपवाछपवी काही नव्हती. काठी आधीच लागून गेली असेल हे त्याच्या मनातही आलं नाही.

मनात आलं ते बारा दिवसांनी, नववा थर तयार होऊन वर चढवायला घेतला तेव्हा. दोरी धरून बघतात तो थर सगळ्या बाजूंनी बोटभर कमी. कमी झालेला दगड वाढवता येत नाही. तो दगड डोंगरातून काढून, बोटीतून आणून, पानोर्मोस बंदरापासून बैलांनी ओढून आणायला एक हंगाम गेला होता.

थोरला स्थपती दामास म्हणून होता, शब्दानं कातडी सोलणारा. तो खाली आला.

"नवव्याचं पोट कुठे गेलं? तू जेवलास का?"

"रेघेवर कापलंय, मालक," अपातूरिओस म्हणाला. "खुणेवर काठी धरली, काठीवर दगड घडवला."

"चल, दाखव रेघ."

सगळे भिंतीशी गेले. दामासनं स्वतःच्या हातानं गेरू चोळला. मेणात गेरू धरत नाही. नवव्या ओळीवर लाल खूण एकच उठली, कमानीवरची, अगदी बरोबर. दामास मिन्निओनकडे वळला.

"खूण एकच केलीस?"

लग्नाला अकरा दिवस होते. रेषावाल्याची एक खूण चुकली की त्याच्या सगळ्या खुणांवर संशय, आणि पुन्हा हातात सळई मिळत नाही. हे सगळं त्याच्या डोक्यात आलं की नाही कोण जाणे. तो म्हणाला, "एकच."

अपातूरिओसनं एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा मिन्निओनकडे. मग म्हणाला, "मग माझीच काठी चुकली असेल."

त्याला देवळाच्या कामावरून काढलं. नासलेला थर बंदराच्या रस्त्याला नेऊन टाकला. यात्रेकरू त्यावर बसून भाकरी खात, आणि त्या वेळी गाववाले त्याला 'अपातूरिओसचं आसन' म्हणत. देवळातून काढलेल्याला घराच्या पायऱ्या कोण करायला देणार? तो जात्यांना टाकी लावायला लागला. गाढवावर दोन टाक्या, एक हातोडी, एक घोंगडं. सुगी संपली की तो मेआंदर नदीच्या काठची गावं धरायचा, बायकांच्या उंबऱ्यात बसून जाती ठोकायचा. देवाचे खांब घडवलेला हात दहा वर्षांत असा झाला की खेड्यातल्या बायका म्हणत, टाकी लावावी तर अपातूरिओसनं. मिन्निओन हे ऐकायचा तेव्हा जेवणावरून उठायचा.

लग्न ठरल्याप्रमाणे झालं. अपातूरिओस आला होता, गाणी म्हटली, आणि जरा जास्त प्यायला.

त्यानंतर मिन्निओनची देवभक्ती सुरू झाली. साल निघाली की खूण जाणार, आणि साल निघायची तर देऊळ पुरं व्हायला हवं. दुसरा रस्ता नव्हता. एकट्यानं तेवढीच खूण घासली असती तर भिंतीला खळगा पडला असता. बारीक रेघ एखाद्याच्या नजरेतून सुटते, खळगा पाथरवटाला अंगणाच्या पलीकडूनही दिसतो. म्हणून तो देऊळच्या देऊळ पुरं करायच्या मागे लागला. समितीची बैठक असली की हा हजर. सणाच्या दिवशी लोक बकरं कापायच्या रांगेत, आणि हा दोरखंड तपासतोय. मिलेतोसला शिष्टमंडळ जायचं तर हा पायी पुढे. एफेसोसहून त्याला मोठ्या कामाचं बोलावणं आलं, राहायला घरही देणार होते. तो गेला नाही. लोक म्हणाले, देवाला सोडवत नाही त्याला. त्याला भिंत सोडवत नव्हती. आपण नसताना कोणी कोपऱ्यात गेरू चोळला तर? त्या कोपऱ्यात त्यानं वर्षानुवर्षं फळ्या रचून ठेवल्या आणि साप आहे अशी आवई उठवली. पुढे त्या सापाला दोन-तीन जणांनी पाहिलंसुद्धा.

समितीत त्याचं ठरलेलं वाक्य आलं की हशा पिकायचा.

"भिंतींची साल—"

"बस रे मिन्निओन! अजून मागचे खांब नाहीत, आणि हा दाढी करायला निघालाय!"

तोही हसायचा. मग खाली बसायचा आणि हातातल्या टोपीची शिवण उसवत राहायचा. नान्निस म्हणायची, ह्यांची एक टोपी वर्ष पुरत नाही.

नान्निस तोंडानं फटकळ. भावाला तर ती सोडायचीच नाही. वर्षातून दोनदा अपातूरिओस दिदिमात यायचा, बहिणीच्या जात्याला टाकी लावायला. दाराबाहेर दगडी ओटा होता, त्यावर बसायचा. आतून जातं बाहेर यायचं. काम झालं की सातूच्या पेजेची वाटी आणि सुके अंजीर बाहेर यायचे. तो आत कधी गेला नाही, कारण ती त्याला आत ये म्हणाली नाही.

"नीट टाक," ती दारातून म्हणायची, "नाहीतर हेही बोटभर कमी करशील."

"जात्याला पोट नसतं, नान्नी. चुकायचं भय नाही."

"नवव्याला होतं ना? तेव्हा कुठे होते डोळे?"

"तुझ्या वरातीच्या तयारीत होते," तो म्हणायचा आणि मोठ्यानं हसायचा. वाटी चाटूनपुसून परत करायचा. मिन्निओन घरी असला तर निघताना हाक मारायचा, "काय दाजी, कधी घासणार भिंत?"

त्याला ठाऊक होतं की नव्हतं? सगळं गावच मिन्निओनला हा प्रश्न विचारून चिडवत असे, तेव्हा त्याच्या तोंडीही तो असायचाच. तरी त्याच्या तोंडून ऐकला की मिन्निओनचा हात टोपीच्या शिवणीकडे जायचा. तेहतीस वर्षं, वर्षातून दोनदा. मिन्निओनला शेवटपर्यंत काही कळलं नाही, आणि विचारायचा धीर त्याला कधी झाला नाही.

मग अपातूरिओस मिउसच्या बाजूच्या एका खेड्यात तापानं गेला. तिथल्या लोकांनीच त्याला माती दिली. निरोप आठ दिवसांनी पोचला. नान्निस दोन दिवस चुलीपाशी बसून राहिली, चूल न पेटवता. मिन्निओनला निरोप ऐकताक्षणी सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची इतकी किळस आली की तो मागच्या अंगणात जाऊन ओकला. नान्निसला वाटलं, मेव्हण्यावर किती जीव.

ह्या गोष्टीला अकरा वर्षं झाली. मिन्निओन सत्तरीला आला, दोन्ही मुली मिलेतोसला दिल्या, डोळ्यांना बारीक रेघ दिसेनाशी झाली. त्याच सुमारास समितीला आठवण झाली की ह्या माणसाचा आपण काही सत्कार केलेला नाही. आमच्याकडे समितीला दुसरं काही जमत नसलं तरी सत्कार जमतो. ठराव झाला: देवळाच्या पूर्ततेसाठी आयुष्यभर दाखवलेल्या तळमळीबद्दल मिन्निओन याला लॉरेलच्या पानांचा मुकुट द्यावा. वर नवा स्थपती लिखास यानं आपली एक कल्पना सुचवली. भिंतींची साल शेवटी निघणारच आहे, तर पहिला हात ह्या म्हाताऱ्याचा लागू दे. वीतभर जागा, तो म्हणेल तिथली. त्याच्या हयातीत त्याला पांढरा दगड बघू दे.

लिखास तिशीतला, दामासच्या नातवाच्या वयाचा. मनानं चांगला पोरगा. ही बातमी त्यानं स्वतः घरी येऊन सांगितली.

"काका, कुठली जागा घेता? दरवाज्याजवळ घ्या, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल."

"उत्तरेची भिंत," मिन्निओन म्हणाला. "कोपऱ्यात. कमरेच्या उंचीला."

"तिकडे साप आहे म्हणतात!"

"तो मेला," मिन्निओन म्हणाला.

त्या दिवशी तो किती आनंदात होता हे नान्निसनं पुढे शेजारणीला सांगितलं. लग्नाच्या वेळी नव्हते इतके हसत होते म्हणाली. तिनं त्याचा चांगला झगा दोनदा धुतला, दाढी कातरली, आणि वाटेत दहा वेळा बजावलं, "भाषण लांबवू नका. तुम्ही साल म्हणालात की लोक हसतात."

अंगणात सत्तरऐंशी माणसं होती. पुजारी, समिती, कामावरचे पाथरवट, काही बायका. फळ्या हलवून कोपरा मोकळा केलेला. मुकुट घातला, ठराव वाचला, सगळे टाळ्या वाजवून मोकळे झाले. मिन्निओननं टाकी हातात घेतली. डोळ्यांना दिसत नव्हतं पण बोटाला जागा पाठ होती. त्यानं बोट फिरवलं आणि टाकी टेकवली.

"थांबा, काका," लिखास म्हणाला. "गेरू राहिला."

"गेरू कशाला? मला दिसतंय."

"रीत आहे ना. साल काढायच्या आधी तिच्यावर कोणाची अजून कामाची रेघ आहे का ते बघायचं. तुम्हीच तर शिकवलंत आम्हाला."

खरंच त्यानंच शिकवलं होतं. लिखासनं फडक्यात गेरू घेतला आणि वीतभर जागेवर चोळला. चव्वेचाळीस वर्षांत मेण आटून कधीच पडून गेलं होतं. रेघा लाल उठल्या. दोरी, कमान, आडव्या ओळी, आणि एका ओळीवर शेजारी शेजारी दोन उभ्या खुणा.

"अरे वा!" लिखास मागे वळून पाथरवटांना म्हणाला. त्याला खरंच गंमत वाटली होती. "या, बघा रे. दोन खुणा! आधी दोरीवर केली, मग कमानीवर. म्हणजे जुनी माणसंही विसरत होती, उगाच आम्हाला शिव्या देतात!"

पाथरवट हसले. मिन्निओननं टाकी धरली होती तशीच धरलेली.

"मारा काका. जाऊ द्या ती चूक एकदाची."

एक फटका पुरे होता. सगळ्यांच्या समोर, सगळ्यांच्या टाळ्यांत, सन्मानानं. चव्वेचाळीस वर्षं त्याला हेच तर हवं होतं. त्यानं हातोडी उचलली.

"कितवी ओळ आहे रे ती?" मागून नान्निसनं विचारलं.

"काय, काकू?"

"ओळ कितवी, मोज."

लिखास वाकला, खालपासून ओळी बोटानं चाचपत मोजून म्हणाला, "नववी."

"आणि दोन खुणांच्या मधे किती?"

त्यानं बोट लावून पाहिलं. "बरोबर एक बोट. का हो?"

ती पाथरवटाची मुलगी. तेहतीस वर्षं तिनं हेच दोन आकडे भावाच्या तोंडावर फेकले होते. मिन्निओननं हातोडी खाली आणली, पण टाकीवर नाही, जमिनीवर ठेवली. मग लोकांकडे वळून, भाषण करतो तशा आवाजात म्हणाला,

"आतली खूण माझी. बाहेरचीही माझीच. आतलीवर काठी लागली, आणि दामासनं विचारल्यावर मी खोटं बोललो. अपातूरिओसनं दगड बरोबर कापला होता."

पुढच्या रांगेतल्या एकानं शेजाऱ्याला विचारलं, "कोण अपातूरिओस?"

"तो जात्यांना टाकी लावायचा तो. मेला नाही का?"

"हां हां, तो. चांगली लावायचा."

पन्नाशीच्या आतल्या कोणाला काही ठाऊक नव्हतं, आणि वरचे जे दोघेतिघे होते त्यातल्या एकाला ऐकू येत नव्हतं. समितीच्या अध्यक्षाला वाटलं, म्हातारा नम्रपणे बोलतोय, आपल्या चुका सांगतोय. त्यानं टाळ्या वाजवल्या, तशा सगळ्यांनी वाजवल्या. मिन्निओन "नाही, नाही" म्हणत राहिला. ते कोणाला ऐकू गेलं नाही.

एकट्या लिखासनं टाळ्या वाजवल्या नाहीत. त्याला रेघ वाचता येत होती. त्यानं हळूच विचारलं, "मग, काका? काढू साल?"

"नको. ही भिंत राहू दे."

"समितीला काय लिहू?"

"तुला सुचेल ते लिही."

त्यानं लिहिलं, उत्तरेची भिंत सर्वांत शेवटी घ्यावी. आमच्या देवळात शेवटी म्हणजे काय हे आमच्याकडे पोरासोरांनाही कळतं.

लोक प्रसादाच्या मांसाकडे गेले. अंगणात दोघंच उरली. मिन्निओन भिंतीशी बसला होता, मुकुट अजून डोक्यावर. नान्निस जवळ आली, वाकली, आणि आधी एका खुणेवर बोट ठेवलं, मग दुसरीवर. मधली जागा तिच्या बोटानं बरोबर भरली.

"तू मला बोल," मिन्निओन म्हणाला. "काय बोलायचं ते बोल. शिव्या दे."

"दादाला आत बोलवावं असं मला दर वेळी वाटायचं," ती म्हणाली. "दर वेळी. पेजेची वाटी हातात घ्यायचे आणि दाराशी थांबायचे. एकदा तर त्याचं ताट आत वाढलंसुद्धा होतं. मग उचललं."

"नान्निस—"

"मला लाज नव्हती वाटत त्याची. माझा भाऊ होता तो. पण मनात यायचं, देवळातून काढलेल्या माणसाला ह्यांच्या घरात बसवलं, तर लोक ह्यांना काय म्हणतील? ह्यांचं देवळात केवढं नाव!" तिनं गेरूचं बोट पदराला पुसलं. "तुमच्या अब्रूसाठी हो. तुमच्या अब्रूसाठी मी त्याला ओट्यावर बसवला."

ती अंगणातून बाहेर नेणाऱ्या उताराच्या बोळातून निघून गेली. मिन्निओनला तिच्या मागून जायचं होतं, पण त्याच्यानं उठवलं नाही.